काजळी झाडणारा

शनिवारवाड्यात सुट्टीच्या दिवशी एक ठरलेलं दृश्य असतं. दिल्ली दरवाज्याच्या अणकुचीदार खिळ्यांकडे मान वर करून बघून झालं, हजारी कारंज्यापाशी फोटो काढून झाले, की घोळके रिकाम्या जोत्यांमधून फिरायला लागतात आणि कुणीतरी मोठं माणूस आवाज खाली आणून ‘काका, मला वाचवा’ सुरू करतं. परवा अशाच एका घोळक्यात सात-आठ वर्षांची एक मुलगी होती. गालात चिंचेची गोळी, वेणी अर्धी सुटलेली. गारदी, म्हणजे पगारी शिपाई, आत शिरले इथवर गोष्ट आली आणि तिनं मध्येच विचारलं, “पण आजोबा, एवढे सगळे येणार होते, तर आधी कुणालाच कसं कळलं नाही?” आजोबा जरासे थांबले. “अगं, ऐक तर पुढे,” म्हणाले, आणि गोष्ट पुढे गेली. प्रश्न मागेच राहिला.

उत्तर माहीत असूनही तो प्रश्न टोचत राहतो, कारण उत्तर ‘कळलं होतं’ असं आहे. ३० ऑगस्ट १७७३, सोमवार, गणपतीचे दिवस. गारद्यांत काहीतरी शिजतंय ही कुणकुण नारायणराव पेशव्यांच्या कानावर सकाळीच आली होती आणि त्यांनी आपले सरदार हरिपंत फडक्यांना बंदोबस्ताचं सांगितलंही होतं. हरिपंत बाहेर जेवायला गेले. बंदोबस्त जेवणानंतरवर राहिला. दुपारी गारदी पगाराच्या नावाखाली वाड्यात घुसले. म्हणजे बातमी फुटली होती, ज्याच्या जिवावर बेतणार होतं त्याच्यापर्यंत पोचली होती, आणि त्यानं ती ज्याच्या हातात काही करणं होतं त्याला दिलीही होती. साखळीची प्रत्येक कडी आपापल्या जागी होती. तुटलं ते जेवणाच्या पानाशी.

अद्भुत राज्यांच्या गोष्टी मराठीत लिहू बघणारी, टेबलाभोवती बसून फासे टाकत एखादा दरबार तासन्‌तास जगणारी मंडळी आता पुण्यात सहज भेटतात. त्यांच्या दरबारांत एक माणूस हमखास असतो: राणीचा किंवा सरदाराचा जुना, इमानी, चौकस सेवक, ज्याला वाड्यातलं सगळं ठाऊक असतं. मला हे पात्र फार प्रिय आहे, म्हणूनच त्याच्यावर होणारा अन्याय बघवत नाही. त्याला पडद्याआड उभं करतात, काळं घोंगडं पांघरवतात, भिंतीला कान लावायला लावतात, आणि ऐकलेलं गुपित तो पुढच्याच पानावर धन्यापुढे ठेवून मोकळा होतो. ऐकण्यावर दहा पानं, सांगण्यावर एक ओळ. वाड्यात राहिलेल्या कुणालाही विचारा, तिथे ऐकू येणं ही अडचण कधीच नसते. भिंती हात-दोन हात जाड असल्या तरी चौक, सोपा, माजघर सगळं एकमेकांत उघडतं. दारं दिवसभर सताड. जिन्यात कुजबुजलेलं माडीवर ऐकू येतं. आणि मोठी माणसं नोकरासमोर, तिथे कुणी नाहीच अशा बेतानं बोलतात. कस लागतो तो ऐकलेलं वेळेत, योग्य कानापर्यंत आणि विश्वास बसेल अशा रूपात नेण्यात. मला वाटतं, हे पात्र घडतं ते त्या शेवटच्या दहा पावलांत.

पण त्याआधी त्याला वाड्यात नोकरी हवी. ‘सेवक’ एवढं म्हणून भागत नाही. आपल्याकडच्या दरबारात होते ते खिजमतगार, हुजरे, फरास, मशालजी, आबदार, भालदार, चोपदार, मुदपाकखान्यातले आचारी आणि पाणके, कुणबिणी. आणि प्रत्येकाचा वावर आखलेला होता. अर्थशास्त्रात कौटिल्यानं ही वाटणी फार बारकाईनं केली आहे. बड्या अधिकाऱ्याचं घराबाहेरचं वागणं कुणी पाहायचं? छत्र धरणाऱ्यानं, झारी धरणाऱ्यानं, पंखा वारणाऱ्यानं, पादुका सांभाळणाऱ्यानं, आसन मांडणाऱ्यानं, वाहनाबरोबर चालणाऱ्यानं. घराच्या आतलं कुणी? स्वयंपाक्यानं, न्हाऊ घालणाऱ्यानं, अंग रगडणाऱ्यानं, अंथरूण घालणाऱ्यानं, न्हाव्यानं, पाणी देणाऱ्यानं. ही यादी मी कितीदा तरी वाचली असेल. यातलं प्रत्येक काम रोज, ठरल्या वेळी, हात गुंतवून करायचं आहे. ज्याचे हात कामात आहेत त्याचे कान मोकळे आहेत हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

प्रत्येक कामात खोटही आहे. न्हावी भरपूर ऐकतो, पण एकाच माणसाला चिकटलेला असतो आणि काम झालं की त्याला उठावंच लागतं. चोपदाराइतकी आल्यागेल्याची खबर कुणाला नाही, पण आतलं बोलणं त्याच्यापर्यंत तुटक येतं आणि दाराशी उभा म्हणून सगळ्यांची नजरही त्याच्यावरच. आज किती पानं मांडायची हे आचाऱ्याला कारभाऱ्याच्याही आधी कळतं, तरी त्याला चुलीपासून हलता येत नाही. माझा कौल दिवाबत्ती पाहणाऱ्याला. तिन्हीसांजेला तो एकेका दालनात जातो. प्रहराप्रहराला वात सारायला, तेल घालायला, काजळी झाडायला पुन्हा जातो. खलबत ऐन रंगात असताना ज्योत मंदावली तर लोक त्याला स्वतःहून आत हाक मारतात. हे भाग्य दुसऱ्या कुठल्या नोकराचं नाही. राजा केळकर संग्रहालयातल्या दिव्यांपुढे थोडा वेळ उभं राहिलं की हे काम किती हातांचं होतं ते उमगतं. टांगता दिवा उतरवायचा असतो, समईशी वाकायचं असतं, कोनाड्यातल्या दिव्याला चवड्यांवर उभं राहून हात पोचवायचा असतो. त्या प्रत्येक हालचालीत चार-सहा श्वासांचा वेळ जातो. तेवढ्यात एक वाक्य पुरं ऐकून होतं.

कल्पनेतला दरबार म्हटला की जादू येणारच, आणि तिथेच पुष्कळ लिहिणारे घसरतात. राणीजवळ सत्य दाखवणारा आरसा असेल तर या माणसाला गोष्टीत जागाच उरत नाही. जादूनं त्याचं काम अवघड करावं. माझ्या मनातल्या दरबारात नियम एकच आहे: दिव्याजवळ बोललेलं काजळीत उतरतं. दिव्यापासून दोन हातांच्या आतलं, तेवढंच. फक्त आवाज, चेहरा नाही. दुसऱ्या दिवशीची दिवेलागण झाली की सगळं पुसलं जातं. काजळी धरायची ती घरोघरी काजळ धरायचे तशीच, ज्योतीवर तांब्याची ताटली पालथी धरून. मग बोटाच्या टोकानं कानामागे, लहान मुलाला तीट लावतात तेवढीच लावायची, की बोलणं ऐकू येतं. पण उलट्या क्रमानं, शेवटचं आधी, कारण शेवटचा थर वर असतो. उत्तर आधी आणि प्रश्न नंतर ऐकायची सवय व्हायला त्याची पाच-सहा वर्षं गेली आहेत. तेलाच्या दिव्यावर काजळी दाट धरते, तुपाच्या निरांजनावर ती जेमतेम धरते, म्हणून त्या दरबारातली जाणती माणसं कटाची बोलणी तुपाच्या उजेडात करतात. आणि याच कारणानं, कोणत्या दालनात आज देवपूजेची वेळ नसताना निरांजन मागवलं गेलं, ही एवढीच नोंद कधी कधी सगळ्या काजळीहून मोलाची ठरते. वात जाड वळली तर धूर वाढतो, काजळी फार धरते आणि सगळे आवाज एकमेकांत लगदा होऊन बसतात. नवख्या माणसाची पहिली चूक हीच. जास्त ऐकायच्या हावेनं तो वात जाड करतो.

जादू काढून घेतली तरी हा माणूस हात हलवत परत येणार नाही, इतकी माहिती नुसत्या तेलात आहे. साध्या कापसाच्या एका वातीला छटाकभर तेल साधारण रात्रभर पुरतं. त्यानं मनातल्या मनात वही ठेवावी: कोणतं दालन, किती वाती, संध्याकाळी किती घातलं, सकाळी किती उरलं, वातीचं टोक कसं होतं. दिवाणांच्या खोलीत रोज छटाक जातो आणि लागोपाठ तीन रात्री अडीच छटाक गेला, तर कुणीतरी जागं होतं, एकाहून जास्त दिवे लावून, बहुधा वाचत किंवा लिहीत. नुसत्या गप्पांना एक वात पुरते. फुंकर मारून घाईत विझवलेल्या वातीचं टोक काळं आणि लांब राहतं, तेल संपून आपोआप विझलेली वात मुळापर्यंत जळलेली असते. पण संशय घेण्याआधी साधी कारणं तपासायची. वात जाड झाली होती का? खिडकीतून वारा येऊन ज्योत भडकत होती का? दिव्याच्या काठावर उंदराच्या मिशांचे आणि पायांचे तेलकट ठसे आहेत का? हाताखालचा पोऱ्या तेल बाहेर विकतोय का? हे चार प्रश्न न विचारता धन्यापुढे गेलेला माणूस एखाद्या निरपराध कारकुनाचा जीव घेऊ शकतो, तोही उंदरानं प्यायलेल्या तेलासाठी. असंच मुदपाकखान्याचं आणि पागेचं. पंगत तीस पानांची आणि पत्रावळी चाळीस आल्या, तर दहा माणसं मागच्या दारानं यायची आहेत, किंवा पत्रावळ्या विरलेल्या निघाल्यात. दोन्ही शक्यता हातात धरून तो गप्प राहतो.

पत्र मात्र त्यानं कधीही फोडू नये.

लाखेची मोहर तापल्या पात्यानं उचलून पुन्हा बसवायची युक्ती गोष्टींत फार चालते. लाख तापली की मऊ होते हे खरं; पण दुसऱ्यांदा गोठताना तिची तकाकी जाते, शिक्क्याच्या बारीक रेषा बुजतात, पात्याखालचा कागद पिवळा पडतो आणि त्याला जळका वास लागतो. रोज तीच मोहर पाहणाऱ्या फडावरच्या कारकुनाला हे एका नजरेत कळतं. शिवाय कागद बाहेरूनच पुष्कळ बोलतो. शाई म्हणजे पुन्हा आपली काजळीच: काजळी, बाभळीचा डिंक आणि पाणी, दिवसच्या दिवस घोटलेलं. डिंक कमी पडला की अक्षर बोटाला येतं, जास्त झाला की वाळून तडकतं. घोटणारा घाईत होता हे शाईच सांगते. मसुदा आहे की पक्का कागद आहे हे शेवटी मोर्तब आहे की नाही यावरून. मोडी वाचता येत असली तरी दुसऱ्याच्या पुढ्यातला कागद उलटा वाचण्याचा मोह त्यानं टाळावा. मोडीत हात न उचलता ओळ धावते, शब्दांत जागा सुटत नाही, ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नाही. चालता चालता टाकलेल्या नजरेत चुकीचा शब्द उचलला जातो आणि तो चुकीचा शब्द आयुष्यभर खरा वाटत राहतो. ‘ध’ चा ‘मा’ झाल्याची दंतकथा आपण पिढ्यान्‌पिढ्या इतक्या आवडीनं सांगतो, की त्या दिवसाचा सगळा दोष एका अक्षरावर जाऊन बसला आहे. मला त्या अक्षरापेक्षा ते जेवणाचं पान जास्त अस्वस्थ करतं.

आता बातमीची पारख. जुन्या पत्रव्यवहारात ‘आवई’ हा शब्द भेटतो तेव्हा मला त्या लिहिणाऱ्याबद्दल आदर वाटतो. आवई म्हणजे उठलेली बातमी, जिला अजून पाय नाहीत. लिहिणारा ती लपवत नाही आणि खरी म्हणून खपवतही नाही. आपल्या सेवकाचीही भाषा अशीच हवी: हे पाहिलं, हे ऐकलं, हे मला वाटतं. तीन वेगळी गाडगी, एकातलं दुसऱ्यात ओतायचं नाही. कौटिल्याचा नियम असा की तिघांचं बोलणं जुळलं तर बातमी मानावी, आणि ज्याचं बोलणं वारंवार चुकीचं ठरतं त्याला गुपचूप शिक्षा करावी किंवा काढून टाकावं. यात एक खाच आहे जी लिहिणारे विसरतात. मोलकरीण, पाणक्या आणि माळी तिघांनी एकच गोष्ट सांगितली, पण तिघांनीही ती एकाच आचाऱ्याकडून ऐकली असेल, तर तोंडं तीन असून साक्ष एकच. म्हणूनच हेरांनी एकमेकांना ओळखू नये असं तो सांगतो. माझ्या दरबारातला दिवाबत्तीवाला म्हणून प्रत्येक बातमीला ‘तुला कुणी सांगितलं’ हे विचारत नाही, कारण त्या प्रश्नानं माणूस सावध होतो. तो मुद्दाम थोडं चुकीचं सांगतो. “म्हणजे मंगळवारीच निघणार ना पालखी?” असं. ज्यानं स्वतः ऐकलंय तो लगेच दुरुस्त करतो. ज्यानं दुसऱ्याकडून ऐकलंय तो मान डोलावतो.

आणि बातमी नेहमी दरबाराच्याच वाटेनं येते असंही नाही. पानिपतानंतर नानासाहेब भिलशाच्या मुक्कामी होते तेव्हा त्यांच्या हाती लागली ती एका सावकारी पेढीची चिठ्ठी. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये-खुर्दा किती त्याची गणती नाही. अख्खं राज्य ज्या बातमीची वाट बघत होतं ती सावकाराच्या काशिदाच्या, म्हणजे निरोप्याच्या, पिशवीत होती, कारण हुंडी वटणार की बुडणार हे ज्याला ठरवायचं असतं त्याला खबर वेळेवर लागतेच. कल्पनेतल्या राज्यातही सावकार असू द्यावेत, त्यांचे काशीद राजाच्या जासूदजोडीपेक्षा वेगानं धावू द्यावेत. आपल्या सेवकाची एखाद्या पेढीवरच्या गड्याशी तंबाखूपुरती ओळख असेल तर तेवढी पुरे.

पगाराचं थोडक्यात. अर्थशास्त्रात मंत्र्याला वर्षाला ४८,००० पण (तेव्हाची नाणी) आहेत. बैठ्या, वेषधारी हेरांना १,०००, आणि सत्री (फिरते हेर), तीक्ष्ण (मारेकरी), रसद (विष घालणारे), भिक्षुकी (भिक्षुणीच्या वेषातल्या) यांना ५००. तफावत पाहून वाईट वाटतं, पण त्यात शहाणपणही आहे. दिवाबत्तीवाल्याच्या बायकोच्या हातात अचानक पाटल्या दिसल्या, की त्याच दिवशी त्याचे कान निकामी झाले. त्याला द्यायचं ते मुलाच्या शिक्षणातून, गावाकडच्या जमिनीच्या साऱ्यातून, म्हातारपणच्या भाकरीतून द्यावं. जे दिसत नाही आणि उशिरा येतं असं.

खरी गाठ इमानाची आहे. इथे मला पुन्हा त्याच दुपारकडे जावं लागतं, कारण त्या दालनात दोन नोकर होते. तुळाजी पवार नारायणरावांच्या काकांच्या, रघुनाथरावांच्या चाकरीतला. कटाची बित्तंबातमी त्याला होती, आणि काकांना मिठी मारलेल्या नारायणरावांना ओढून काढणाऱ्यांत तो होता. दुसरा चाफाजी टिळेकर, नारायणरावांचा खिजमतगार. हातात हत्यार नसताना त्यानं धन्याच्या अंगावर स्वतःला झोकून दिलं आणि धन्याबरोबर तोही मारला गेला. आपण चाफाजीला इमानी म्हणतो आणि तो होताच. पण मला तुळाजीबद्दलही विचार करावा लागतो. त्यालाही विचारलं असतं तर त्यानं ‘मी माझ्या धन्याचं मीठ खाल्लंय’ असंच म्हटलं असतं. ज्याला सगळं ठाऊक होतं तो खुनात सामील झाला, आणि ज्याच्यापाशी देहाखेरीज काही नव्हतं तो ढाल झाला. गुपितं गोळा करणारा इमानी सेवक लिहायचा तर या दोघांना एका अंगात कोंबावं लागतं, आणि ते नीट बसत नाहीत. कुठेतरी उसवतं. ते उसवलेलं मी शिवून टाकू नये असंच मला वाटत आलंय. माझ्या दरबारातल्या माणसाला एके रात्री काजळीतून आपल्याच राणीचा आवाज ऐकू येतो. उलट्या क्रमानं, म्हणून आधी ‘उद्या दुपारी’ आणि मग कुणाचं तरी नाव. तो ताटली पुसून ठेवतो आणि पहाटेपर्यंत पायरीवर बसून राहतो. हे गुपित त्यानं कुणाला न्यायचं? ज्याचं नाव ऐकलं त्याला नेलं तर राणीशी बेइमानी. गप्प बसला तर हातानं तुळाजी झाला.

तो न्यायचं ठरवतो. इथून त्याची शेवटची दहा पावलं सुरू होतात.

आणि दुपारी दिवे नसतात. ज्या नोकरीमुळे त्याला रात्री कुठेही जाता येतं, तीच त्याला भर दुपारी वाड्यात परका करते. हातात तेलाचा बुधला घेऊन तो दिवाणांच्या सोप्यात बारा वाजता काय म्हणून जाईल? त्यात जेवणाची वेळ. आपल्याकडच्या पंगतीचं सोवळं आठवा. कद नेसून पानावर बसलेला माणूस म्हणजे जवळजवळ गाभाऱ्यातला माणूस. खिजमतगारानं उंबरा ओलांडायचा नाही, स्पर्श करायचा नाही, बाहेरून हाक मारणं हीच मोठी आगळीक. त्या सोमवारी वाड्यातल्या एखाद्या साध्या नोकराला पक्कं कळलं असतं आणि तो धावत हरिपंतांच्या जेवणाच्या ठिकाणी गेला असता, तरी त्याला बहुतेक अंगणातच थांबावं लागलं असतं. “पंत पानावर आहेत.” यापुढे बोलायची सोय नव्हती. त्या चिमुरडीला द्यायचं खरं उत्तर हे आहे, आणि ते जोत्यावर उभं राहून दोन वाक्यांत देता येण्यासारखं नाही.

वाट अडली तर काय करायचं हेही कौटिल्य सांगून गेलाय: गाणं, वाद्य, भांड्यात लपवलेला लेख, ठरलेली खूण, नाहीतर आजाराचं, वेडाचं किंवा आगीचं निमित्त. आग लावली तर वाडा जागा होतो, पण मारेकरीही सावध होतात. वेडाचं सोंग घेतलं तर पहारेकरी आधी त्यालाच बाहेर काढतात. गाणं ऐकून एखादाच अर्थ लावेल, तोही जेवणाच्या नादात नसला तर. खूण अशी हवी की जी आत जाणाऱ्या माणसाच्या हातून, त्याला काही न कळता आत जाईल आणि फक्त पानावर बसलेल्यालाच दिसेल. माझ्या माणसानं वर्षांपूर्वी दिवाणांशी अशी खूण ठरवून ठेवली आहे. पानात सगळ्यांत आधी मीठ वाढलं जातं, वरच्या बाजूला, आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. दिवाणांचं पान मिठावाचून आलं तर उठायचं. अपोष्णी झाली असली तरी, हातातला घास टाकून, कारण न विचारता उठायचं.

तो मुदपाकखान्याच्या मागच्या दारानं येतो. सकाळचा विझलेला चूल-कोनाड्यातला दिवा पुसायचं निमित्त आहे. पानं मांडून झालेली, मीठ वाढून झालेलं, पंगत अजून बसायची आहे. दिवाणांचं पान तिसरं. पाणक्या तांबे भरायला वळतो तेवढ्यात तो वाकतो, बोटांनी मिठाची चिमूट उचलतो आणि नखात काजळी असल्यानं पानावर एक बारीकसा काळा डाग उमटतो. तो पुसायला वेळ नाही. मंडळी येतात, चित्राहुती घालतात. वरणभात वाढला जातो, तुपाची धार पडते. दिवाण शेजाऱ्याशी पावसाबद्दल काही बोलत आहेत, त्यांचं लक्ष अजून पानाकडे गेलेलं नाही. उंबऱ्याबाहेर, खांबाच्या आड, तो ओली ताटली फडक्यानं पुसत उभा आहे. पंगतीच्या त्या टोकाला एक नवीन वाढपी आहे, सतरा-अठरा वर्षांचा, पहिलीच मोठी पंगत, एकाही पानात काही राहू नये म्हणून घामाघूम झालेला. त्याची नजर तिसऱ्या पानावर थांबते. तो मिठाची वाटी उचलतो.